सुभद्राबाईचं ठिबक

गोधडीची सुई घेऊन सुभद्राबाई हळदीच्या सरीत उकिडवी बसली होती. सकाळपासून तिनं ठिबकची दीडशे छिद्रं टोचली, तरी एकातूनही थेंब पडेना. जीव नुसता मेटाकुटीला आला होता. आणखी दोन दिवस पाणी मिळालं नाही, तर नुकते वर आलेले कोंब करपून एकरभर बेणं मातीत जाणार होतं.

गावाचं सांडपाणी शुद्ध होऊन तिच्या हौदात येई, तिथून मोटारीनं ठिबकमध्ये. पाणी सोडणाऱ्या प्रमोदनं तिला दोनदा बजावलं होतं, "मावशी, फिल्टरची जाळी एक दिवसाआड धुवत जा."

"शुद्ध केलेलं म्हंता, मंग पुन्हा गाळायचं काहून?" तिनं त्याला उडवून लावलं होतं. एवढ्यावर न थांबता जीपनं तालुक्याला सेनगाव गाठून, हा माणूस घाण पाणी सोडतो, अशी तक्रारही त्याच्या साहेबाकडं देऊन आली होती.

आज तोच प्रमोद पाना घेऊन बांधावर आला आणि थेट मोटारीकडं निघाला. सुभद्राबाई तोंडाचा पट्टा सोडत त्याच्या मागं. तिचा नवरा लिंबाजी मागोमाग चालत होता. मेंढरांशिवाय कुणाशी फार बोलायची त्याला सवयच नव्हती.

प्रमोदनं फिल्टर उघडला. जाळीला काळा, तेलकट लगदा गच्च चिकटला होता. त्यानं तो पाण्यात खळबळला, तशी आतून पांढरी लोकर निघाली.

"कातरायच्या आधी मेंढरं कुठं धुतली?" त्यानं विचारलं.

लिंबाजीनं हौदाकडं बोट केलं. "ओढा आटला ना. हिनंच सांगितलं, हौदात बुचकळा म्हणून."

सुभद्राबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंधरा दिवस तिनं साऱ्या जगाला शिव्या घातल्या होत्या. "मी सांगितलं म्हणून साठ मेंढरं धुवायची? तुमाला डोकं न्हाई व्हय?" ती नवऱ्यावरच खेकसली.

प्रमोदनं जाळी धुतली, नळ्यांची टोकं उघडून मोटार चालू केली. आधी काळा गाळ भसाभसा आला, मग साफ पाणी. टोकं बंद केली, तसा कोंबाशी थेंब पडला. सुभद्राबाईचे डोळे भरून आले.

"उद्या साहेब माही चौकशी करणार हायेत," प्रमोद पाना पुसत म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच तिला जास्त लागलं.

तिनं ती ओली लोकर उचलून पिशवीत भरली.

"पहिल्या जीपनं येते," ती म्हणाली. "साहेबाला हे दाखवते. मेंढरं माही व्हती म्हणून सांगते."