पिवळं दूध

तिखटमावशी म्हशीखाली धार काढायला बसली की बादलीत एक धार आणि तोंडातून दुसरी. वैरण कुजकी, शेजारीण उंडगी, दूधवाले सगळे चोर. गावात तिच्या दुधाला नाव होतं आणि तिच्या जिभेला सगळे वचकून होते. कुणी आपल्या घरचं दूध दाखवलं, की ती नखावर थेंब धरायची, नाक मुरडायची आणि म्हणायची, "हे दूध? ह्यानं भांडी विसळा."

तेच नख शेवटी पोटच्या लेकीपर्यंत पोचलं.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवस भरायच्या आधीच मोकळी झाली. पोरगं एवढंसं, की मावशीच्या एका ओंजळीत मावलं असतं. रडणं मांजराच्या पिलाचं. लेकीला दूध उतरलं ते चमचाभर, पिवळंजर्द नि चिकट. मावशीनं कापसावर टिपून दारातल्या उजेडात धरलं.

"हे दूध म्हणायचं का पू? पिळून टाक मातीत. मी म्हशीचं आणते, पाणी घालून."

"दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, हेच पाजायचं. थेंबसुद्धा वाया घालवायचा नाही."

"ती? पावडरीचा चहा पिते नि दूध म्हणून मिशा पुसते. ती मला दूध शिकवणार?"

"तुला म्हशी कळतात आई. मी म्हैस नाही."

"असतीस तर बरं झालं असतं. निदान बादलीचा तळ तरी झाकला असता."

खाण तशी माती. लेकीची जीभही काही उसनी आणलेली नव्हती, पण अंगात त्राण नव्हतं. ती भिंतीकडं तोंड करून वाटीत थेंब थेंब पिळायची आणि चमच्यानं पोराच्या ओठात सोडायची. मावशी येता-जाता बघायची आणि फुस्स करून हसायची.

एका सकाळी लेक न्हाणीत गेली. मावशीनं तेवढ्यात डाव साधला. म्हशीचं दूध कोमट केलं, पाणी घातलं आणि पोराला भरवलं. "आता बघ कसं बाळसं धरतं ते," असं ती स्वतःशीच पुटपुटली.

पोरानं दुपारपर्यंत दह्यासारख्या गुठळ्या ओकल्या. पोट नगाऱ्यासारखं ताणलं आणि रडणंही बंद पडलं. दूध न्यायच्या टेम्पोत, रिकाम्या कॅनच्या मध्ये बसून मायलेकी दवाखान्यात गेल्या.

"काय पाजलंत?" नर्सबाईंनी विचारलं.

मावशीनं छताकडं बघितलं. लेकीनं तिच्याकडं बघितलं, आणि सगळं कळलं.

"परवा हलवाई खरवसासाठी चीक मागायला आला, तर त्याच्या अंगावर धावून गेलीस," लेक म्हणाली. "'आधी रेडकू पिऊ दे, चीक नाही मिळाला तर ते तगत नाही,' असं बोललीस. सगळ्या गल्लीनं ऐकलं. रेडकाचा हक्क कळतो तुला. माझ्या लेकराचा चीक मात्र मातीत टाकायचा? थू तुझ्या शहाणपणावर!"

मावशीनं जीभ चावली. असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

नर्सबाईंनी पोराला आत नेलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "म्हशीच्या दुधातली प्रथिनं रेडकासाठी. त्यांची ह्याच्या पोटात घट्ट गुठळी होते. आईच्या पहिल्या दुधातली प्रथिनं रोगाशी लढतात, आणि लवकर बाळंत झालेल्या बाईच्या दुधात ती जरा जास्तच असतात. पुढं बाळ वाढतं तसं दूधही बदलतं, पांढरं होतं, पातळ होतं. तेव्हा घाबरून काही दुसरं पाजू नका."

शेवटचं वाक्य मावशीकडं बघून होतं. ते तिला गिळावं लागलं.

पोर वाचलं. आईच्याच दुधावर सावरलं, घरी आलं, आणि गालावर जरा मांस दिसायला लागलं. दूध आता खरंच पातळ, निळसर दिसायचं. मावशी बघायची आणि ओठ चावून गोठ्यात निघून जायची.

मग एक दिवस विहीणबाई आल्या. हातात पावडरीचा डबा. वाटीतलं दूध वाकून बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"पाणीच आहे हो हे. आमच्या नातवानं ह्याच्यावर जगायचं?"

मावशी चुलीपासून ताडकन उठली.

"पाणी तुमच्या डोळ्यांत आहे! आधीचं दूध राखण करायला येतं, नंतरचं वाढवायला. पोराला जसं लागतं तसं ते बदलतं. चार लेकरं काढलीत नि एवढंही कळलं नाही? तो डबा न्या परत. तुमच्या चहाला होईल."

विहीणबाई चहा न घेताच निघाल्या. लेक खाटेवर तोंडाला पदर लावून हसत होती.

"आई, आता एकदा चुकलं म्हण की."

"कुणाचं?" असं म्हणून मावशीनं बादली उचलली. उंबऱ्यात थांबून वर आणखी खेकसली, "माझं तोंड काय बघतेस? पाज त्याला, भुकेजलाय तो."