नमुन्याचे चार तुकडे

"विकत नकोत मला. चार दिवसांसाठी हवेत. शनिवारी परत आणून देते."

दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला. काउंटरवर लाकडाचे चार तुकडे पडले होते, प्रत्येक पोस्टकार्डाएवढा. स्पीकरची पेटी कोणकोणत्या रूपात मिळते ते गिऱ्हाइकाला दाखवायचे नमुने. एक अक्रोडाचा, एक फिकट ओकचा, एक आरशासारखा चकचकीत काळा आणि एक पांढरा.

"काकू, हे कंपनीचे असतात. बाहेर देत नाही आम्ही."

"माझे मिस्टर तुमच्याकडे यायचे. उंच, बारीक. खिशाला नेहमी स्टीलची पट्टी."

"पट्टीवाले काका!" दुकानदाराचा चेहरा खुलला. "चार वर्षं येतायत. आवाज त्यांनी पहिल्याच दिवशी पसंत केला. अर्धा तास डोळे मिटून बसले, म्हणाले, हाच. पण पेटी कुठली घ्यायची ते काही ठरेना. तुकडे दारापाशी उजेडात न्यायचे, परत आणायचे, 'बघू' म्हणायचे की निघाले. बऱ्याच दिवसांत दिसले नाहीत. बरे आहेत ना?"

"नाहीत," ती म्हणाली. मग त्याचा चेहरा पाहून घाईने म्हणाली, "म्हणजे, आहेत. बरे नाहीत."

चारही तुकडे दुकानदाराने वर्तमानपत्रात एकेक वेगळा गुंडाळला, घासले जाऊ नयेत म्हणून, आणि तिच्या पिशवीत ठेवले.

सहा आठवड्यांपूर्वी दाढी करता करता तिचा नवरा बाथरूममध्ये कोसळला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. जीव वाचला हेच खूप, असं जो तो म्हणाला. इस्पितळाच्या मागच्या इमारतीत अशा रुग्णांसाठी सोळा खाटांचा वेगळा विभाग होता, त्यातली एक त्याला मिळाली होती. पण डॉक्टरांनी तिला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, की शुक्रवारी तपासणी आहे. माणसाला समजतंय असं दिसलं, तर आणखी तीन महिने ठेवून घेऊ, बोलण्याचे उपचार करू. समजतच नसेल, तर उपचार कुणावर करायचे? घरी न्या. खाटेसाठी बाहेर लोक थांबलेत.

आणि त्याला समजतंय, असं तिच्याशिवाय कुणालाच वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर तिलाही ते रोज वाटत नव्हतं. स्पीच थेरपीच्या मॅडम त्याच्यापुढे चित्रांचे पत्ते मांडायच्या. कप, किल्ली, चेंडू. "काका, कप दाखवा." काका खिडकीच्या पडद्याकडे बघत राहायचे. मॅडम कागदावर एक आडवी रेघ ओढायच्या. त्या रेघांची संख्या वाढत चालली होती.

मंगळवारी बसमध्ये तिला सुचलं. कपाशी त्याचं काय देणंघेणं? सगळा जन्म त्याने पाण्याच्या नळांचे आराखडे काढले. केसाएवढी रेघ चुकली तरी कागद फाडणारा माणूस. त्याला चेंडू काय दाखवता? त्याच्या जिवाचं काहीतरी विचारा.

जिवाचं म्हणजे काय, हे तिला शोधावं लागलं नाही.

ऑफिसात त्याला 'बघूसाहेब' म्हणत. कशालाही लगेच हो नाही की नाही नाही. लग्न करायचं की नाही हे ठरवायलाच त्याने आठ महिने घेतले, शेवटी तारीख तिनेच काढली. पुढे घर तिने ठरवलं, मुलाची शाळा तिने, भिंतींचा रंग तिने, त्याचे चष्मेसुद्धा तिनेच. दुकानात तो दोन शर्ट दोन हातांत धरून उभा राहिला की तिला घाई सुटायची. "ठरवताय की मी ठरवू?" आणि पुढच्या श्वासाला तिचं ठरलेलं असायचं. ती शाळेच्या कचेरीत क्लार्क. खिडकीपुढे रांग लागली की एकेकाला झटपट वाटेला लावायची तिची सवय. घरी त्या रांगेतला शेवटचा माणूस तो.

एकच गोष्ट तिने त्याच्यावर सोडली होती, ती म्हणजे ही म्युझिक सिस्टीम. निवृत्तीनंतर घ्यायची म्हणून. "मला आवाजातलं काही कळत नाही," ती एकदा म्हणाली होती, "पण हॉलमध्ये राहणार, तर दिसायला नीट हवी. मला रोज बघायचीय." ती सहज बोलून गेली आणि त्याने ते मनावर घेतलं. कॅटलॉगची पानं भिंतीला टेकवून सकाळच्या उजेडात बघायचा, संध्याकाळी पुन्हा बघायचा.

"काळी नको हं, शवपेटी ठेवल्यासारखं वाटतं. पांढरी घ्या, पडद्यांना जाते."

"पांढरा पिवळा पडतो गं."

"मग अक्रोड."

"अक्रोड आपल्या कपाटाशेजारी लाल दिसेल."

"अहो, गाणी ऐकायचीत की तिचं लग्न लावायचंय?"

तो हसायचा आणि पान वहीत परत ठेवायचा.

बुधवारी चारला तिने खाटेवरचं टेबल ओढून घेतलं, वर्तमानपत्र सोडलं आणि चार तुकडे त्याच्यासमोर मांडले. बोलली काहीच नाही.

त्याची नजर पडद्यावरून खाली आली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा ती कशावर तरी येऊन टेकली. डावा हात पांघरुणाबाहेर निघाला, हवेत थोडा भरकटला आणि अक्रोडावर उतरला. बोटाची मागची बाजू त्याने लाकडावरून फिरवली. मग कडेला नख लावून पाहिलं. खरं लाकूड की वर चिकटवलेला कागद, हे तो असंच बघायचा. मग ओक. मग काळा. काळ्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसला असावा, तिथे तो बराच वेळ थांबला.

"सांगा ना, कुठला?" तिच्याने राहवलं नाही. "अक्रोड? ओक? बोट ठेवा नुसतं."

बोट पांढऱ्यावर गेलं, तिथून परत अक्रोडावर. पाच वाजता परिचारिकेने भेटीची वेळ संपल्याची घंटी वाजवली तरी ते फिरतच होतं.

मॅडमना तिने जिन्यात गाठलं. धाप लागली होती. "ते बघतायत, मॅडम! नख लावून बघतायत! तुमचे ते पत्ते नका आणू शुक्रवारी. माझे तुकडे घ्या, पाया पडते तुमच्या."

मॅडम तरुण होत्या, पण थकलेल्या. "आणा काकू. मी वापरीन. फक्त एक लक्षात घ्या, नुसता हात लावून चालत नाही. सांगितलेलं दाखवायला हवं, नाहीतर एक काहीतरी उचलायला हवं."

गुरुवारी मुलगा आला. तो दुसऱ्या शहरात नोकरीला होता, रविवारी परत जायचं होतं. बापाच्या पायाशी तो बराच वेळ उभा राहिला. मग आईला बाहेर घेऊन गेला.

"आई, त्यांचा हात पांघरुणावरही तसाच फिरतो. बघितलंस का? उशीवर फिरतो, खाटेच्या दांडीवर फिरतो. तुकडे असले काय, नसले काय."

"नख लावलं त्यांनी."

"आई."

"तुला काय माहीत? तू कधी बसलास त्यांच्याजवळ?"

बोलून गेल्यावर तिला वाटलं, आपण तरी कधी बसलो?

शुक्रवारी अकराला तपासणी सुरू झाली. मॅडमनी त्याला खुर्चीत टेकवून बसवलं, तुकडे मांडले, घड्याळ हातात घेतलं. मुलगा भिंतीशी उभा होता. ती नवऱ्याच्या डाव्या हाताला स्टुलावर.

"काका, काळा दाखवा. काळा."

हात अक्रोडावर गेला. तिथून पांढऱ्यावर. आडवी रेघ.

"पांढरा दाखवा, काका."

हात ओकवर. नख, कड, पुन्हा अक्रोड. आडवी रेघ.

"बरं. आता तुम्हाला आवडतो तो उचला. कुठलाही एक."

त्याने मान किंचित वाकडी केली. अशी मान त्याने दुकानांत, रस्त्यांत, हॉटेलच्या टेबलांवर एकतीस वर्षं वाकडी केलेली तिने पाहिली होती, आणि प्रत्येक वेळी तिला वैताग आला होता. आज तिचे डोळे भरून आले. बोट काळ्यावर थांबलं, ओकवर गेलं, काळ्यावर परत आलं.

"वेळ संपला, काकू."

"अजून थोडा द्या. ह्यांना वेळ लागतो."

"तीस सेकंदांचा नियम आहे. मी दोन मिनिटं दिली."

"दोन मिनिटांत काय होतं? चार वर्षं झाली ह्यांना! हे असेच आहेत, मॅडम. बरे होते तेव्हाही असेच होते. निवडत नाहीयेत म्हणजे समजत नाहीये असं नाही. उलट समजतंय म्हणूनच..."

"हे मी कागदावर कसं लिहू, सांगा?"

तेवढ्यात डॉक्टरांनी मॅडमना बाहेर बोलावलं. दार लोटलं गेलं. ती क्षणभर त्या दाराकडे बघत राहिली आणि मग नवऱ्याकडे झुकली.

"अहो, ऐका माझं. एकदाच ऐका. पांढरा घ्या. पांढरा." तिने तुकडा उचलून त्याच्या तळहातात ठेवला, त्याची बोटं एकेक करून त्यावर मिटली. "धरून ठेवा. सोडू नका हं."

"आई, काय करतेस!"

"गप्प बस तू."

मॅडम आत आल्या. "निवडला त्यांनी!" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "बघा, पांढरा. हातात आहे."

मॅडमनी मुलाकडे पाहिलं. मुलगा फरशीकडे बघत होता.

नवऱ्याने हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हात पुढे केला आणि तो तुकडा टेबलावर जिथे रिकामी जागा झाली होती तिथे ठेवून दिला. तुकडा थोडा तिरका बसला. बोटाने ढकलत ढकलत त्याने त्याची कड शेजारच्या तुकड्याच्या कडेला आणली. आणि बोट पुन्हा ओककडे गेलं.

"बघितलंत?" ती उठून उभी राहिली. स्टूल मागे कलंडलं. "परत ठेवला! मी दिला होता हो. मीच घातला हातात, खोटं बोलले मी तुमच्याशी. आणि त्यांनी परत ठेवला. माझं ऐकलं नाही त्यांनी! समजल्याशिवाय कोण परत ठेवेल? सांगा ना!"

मॅडमनी पेन उघडलं आणि कागदाच्या तळाशी दोन ओळी लिहिल्या. "परत ठेवला, सरळ करून ठेवला, एवढं मी लिहिलंय. पण निकाल ह्यावर लागत नाही, काकू. वर चौकटी आहेत त्या बघतात."

वरच्या चौकटींत सगळीकडे आडव्या रेघा होत्या.

शनिवारी दुपारी गाडीतून त्याला घरी आणलं. हॉलमधला सोफा बाहेर गेला, तिथे वरखाली होणारी खाट आली. रविवारी मुलगा निघाला. दारात चपला घालताना त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी बोलायचं होतं, पण म्हणाला एवढंच, "पोचल्यावर फोन करतो." तिने शाळेत मोठ्या रजेचा अर्ज पाठवून दिला.

सोमवारी दुकानदाराचा फोन आला. "काकू, नमुने?"

"अजून ठरलं नाही हो त्यांचं."

"राहू द्या मग," तो म्हणाला. "कंपनीला मी दुसरे मागवतो."

आता रोज सकाळी अंग पुसून झालं, कपडे बदलून झाले, भरवून झालं की ती टेबल त्याच्यापुढे ओढते आणि चार तुकडे मांडते. मुलगा म्हणतो ते खरं आहे, हात पांघरुणावरही फिरतो. कधी कधी त्या फिरण्यात आणि ह्या फिरण्यात तिला काहीच फरक दिसत नाही, आणि तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन ती नळ मोठा सोडते आणि ओट्याला धरून उभी राहते. मग तोंड धुऊन परत येते.

आज तो काळ्यापाशी थांबला होता. खिडकीतून आलेला उजेड तुकड्यावर पडला होता, आणि बोट त्या उजेडाच्या कडेकडेने हळूहळू चाललं होतं. फोन वाजला, तिने उचलला नाही. त्याने मान किंचित वाकडी केली. "घ्या ना काळी, मला चालेल," हे तिच्या अगदी ओठांवर आलं.

तिने ओठ मिटले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि खुर्चीत ताठ बसून राहिली. त्याचं बोट काळ्यावरून निघालं, पुढच्या तुकड्यावर गेलं.