शोभेचा खांब

चाळीस वर्षं लाकडात काढली, पण माझ्यासारखा अडाणी मीच. आधी स्वतःला चार शिव्या घालून घेतो, मग सांगतो.

नंदुरबारात कापसाच्या एका व्यापाऱ्याची जुनी तीनमजली हवेली होती, साहेबी थाटाची. दाराच्या दोन्ही अंगांना मोजून सारख्या खिडक्या. डावीकडे जिन्यामुळे एक बसेना, तर त्या बहाद्दराने भिंतीवर नुसती रंगवून घेतली. तापीकाठच्या हेमकांतभाऊंनी ती हवेली घेतली आणि हॉटेल करायला काढली. लाकूडकाम माझ्याकडे, जब्बार मिस्तरीकडे.

खालच्या दालनात सागाचे चार खांब होते. त्यातला चौथा भाऊंच्या काउंटरच्या आड यायचा. खांब पारखायची आमची रीत सोपी. माथा आणि तुळई यांच्या फटीत सुतळी घालायची. अडकली तर खांबावर वजन, आरपार निघाली तर खांब शोभेचा. चौथ्यावरून सुळकन निघाली. मी छाती फुगवून म्हणालो, खिडकी शोभेची तसा हाही जोडी जुळवायला उभा केलाय, खुशाल काढा.

पण काउंटर शेवटी व्हायचा होता. मधल्या सहा महिन्यांत वर प्रत्येक खोलीला बाथरूम आलं. सिमेंट, फरशी, पाण्याच्या टाक्या. मग मी खांब कापायला बसलो, तर करवत अडकायला लागली. वरून वजन आलं की लाकूड करवत धरतं, हे मी शिकाऊ पोरांना शंभरदा सांगितलंय. त्या दिवशी स्वतःची समजूत घातली की लाकडात ओल असेल. पात्याला तेल लावलं आणि कापून मोकळा झालो. सुतळी पुन्हा घातली नाही. घमेंड, दुसरं काय!

हॉटेलातलं पहिलं लग्न भाऊंच्याच मुलीचं, मोहिनीचं. हळदीच्या सकाळी पहिल्या मजल्यावर चाळीसेक बाया गात-नाचत होत्या. मी खाली काउंटरचे खण बसवत होतो. मागचं दार तासापूर्वी एका बोटाने उघडलं होतं, ते आता खांदा लावूनही हलेना, वरून चौकट दबली होती. मी वर बघितलं. तुळईच्या पोटाला केसाएवढी भेग गेली होती, ताजी. ठेका पडला की ती जरा उघडायची, पुन्हा मिटायची.

भाऊंना गाठलं. म्हटलं, नाच थांबवा, सगळ्यांना खाली उतरवा. ते आधी हसलेच. मग म्हणाले, हळद लागत असताना नवरीला पाटावरून उठवायचं म्हणजे अपशकुन, सुरतचे व्याही बसलेत, अर्धा तास दम धरा. मी हटेना तेव्हा चिडले.

"तुम्हीच सांगं व्हतं ना, शोभाना खांब शे?"

ओठावर कायकाय आलं. गवंड्याचं नाव घ्यावं, जुन्या लाकडाला दोष द्यावा. वर ढोलकीने चाल धरली आणि तुळई करकरली.

"मन्ही चूक व्हयनी, भाऊ," मी पाहुण्यांसमोरच म्हणालो. "आधी पोरले खाले आणा. मंग मले जोडा मारा."

ते जिन्याकडे धावले. मी ओरडून सांगत होतो, एकेक जण या, भिंतीच्या कडेने या. तेवढ्यात मागच्या अंगणातला लोखंडी टेकू आणून भेगेखाली उभा केला, माथ्यावर लाकडी पाचर हाताने सरकवली. ठोकायची हिंमत झाली नाही. सगळ्यांच्या मागून मोहिनी उतरली, अंगभर हळद, डोळ्यांत पाणी. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मान खाली घालावी लागली.

पडलं काहीच नाही. पाव तास गेला. पाहुणे कुजबुजू लागले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणून. व्याही उठून बाहेर जाऊन उभे राहिले. भाऊ तावातावाने आले, म्हणाले, कुठे पडतंय ते दाखवा, आणि पाचर काढायला हात घातला.

मी बोटांनी सरकवलेली पाचर. त्यांनी एका हाताने ओढली, मग दोन्ही हातांनी. हलली नाही. वर आता माणूस नव्हतं, तरी तुळई बसतच होती. टेकूखालची नवी फरशी तडकून खाली दबली होती. भाऊंनी ती पाहिली. हात पाचरीवरून सुटले आणि ते तिथेच जमिनीवर बसले.

"मन्ही पोर वर व्हती," ते हळूच म्हणाले.

तो खांब मीच कापला होता.