सालीतून उतरणारं जेवण

मित्रांनो, चकलांब्याच्या शिवारात विहिरीच्या कडेला उभा असलेला मी एक जुना आंबा आहे. वय झालं, पण माझी मिजास अजून उतरलेली नाही. का उतरावी? माझ्या एकेका पानात लाखो पेशी आहेत. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी ही इवलीशी घरं. प्रत्येकीला भिंत आहे, कारभार पाहणारं केंद्रक आहे आणि बहुतेकींच्या आत हिरवे कण आहेत. हे कण ऊन, पाणी आणि हवा घेऊन साखर तयार करतात. चूल नाही, धूर नाही! मला स्वतःलाच याचं अजून नवल वाटतं.

मुळांनी ओढलेलं पाणी लाकडातल्या बारीक नळ्यांतून शेंड्यापर्यंत चढतं. पानांनी केलेलं अन्न मात्र सालीतून मुळांकडे उतरतं. माझे मालक मुंजाजी यांना हे ठाऊक नव्हतं.

दोन वर्षं मला मोहोर आला नाही. मुंजाजींच्या बायको मनकर्णाबाई जाता-येता मला टोमणे मारू लागल्या. तेव्हा बाजारात कुणीतरी मुंजाजींना सांगितलं, की फांदीची साल अंगठीसारखी गोल काढली की झाड मोहोर धरतं. त्यांचं फांदीवर भागेना. पावसाळा सरताना त्यांनी कोयत्याने थेट बुंध्याचीच साल चार बोटं रुंद, चहूबाजूंनी सोलली.

काय सांगू, माघात मी मोहोराने लगडलो! लोक बघायला आले. मुंजाजी मिशीत हसत होते. मीही फुशारलो असतो, पण खाली माझी मुळं उपाशी होती.

त्यांची सून मोहिनी माहेरच्या रोपवाटिकेत कलमं बांधत मोठी झालेली. तिची नजर मोहोरावरून बुंध्यावर गेली आणि ती थबकली.

"मामा, पानांचं जेवण ह्या सालीतूनच खाली जातंय. ते वरच अडकलं, म्हणून लई मोहोर आला. झाड मराय लागलंय."

"पानं तर हिरवीगार हायत की."

"पाणी चढतंय तवर दिसतील. मुळ्या मेल्या की पाणीबी न्हाई."

मुंजाजींनी सोललेल्या जागेवरून हात फिरवला. "मला वाटलं, साल म्हंजी निसतं कातडं," ते हळूच म्हणाले.

मोहिनीने माझ्याच शेंड्याच्या काड्या कापल्या. प्रत्येक काडीचं एक टोक जखमेच्या खालच्या सालीत, दुसरं वरच्या सालीत खोचून तिने पट्टीने घट्ट बांधलं. माझ्यावरचा भारही उतरवायला हवा होता. मुंजाजींनी शिडी लावली आणि ज्याच्यासाठी एवढं केलं, तो सगळा मोहोर आपल्या हाताने तोडला. मनकर्णाबाईंनी शिडी धरली.

मग पट्टीखाली जे घडलं, ते कुणी पाहिलं नाही. कापल्या जागी माझ्या पेशी जाग्या झाल्या. एकीच्या दोन, दोघींच्या चार. कुणी हाक मारली नाही, कुणी वाट दाखवली नाही, तरी काडीतल्या पेशींना माझ्या पेशी बरोबर सापडल्या. चैत्रात एका दुपारी साखरेचा पहिला ओघ त्या काड्यांमधून खाली उतरला आणि मुळांपर्यंत पोचला. मित्रांनो, मला रडता आलं असतं, तर मी त्या दुपारी रडलो असतो.

आता मुंजाजी माझ्या बुंध्यात कुणाला साधा खिळासुद्धा ठोकू देत नाहीत. तुम्हीही एखादं झाड हिरवं दिसलं म्हणून ते सुखात आहे असं धरून चालू नका. वाकून त्याचा बुंधा पाहा. आणि सालीला हात लावाल तेव्हा हलकेच लावा, तुमच्या बोटांखालून कुणाचं तरी जेवण चाललेलं असतं.