तांबड्या झबल्याची कड

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात तात्यांचा कपड्यांचा कारखाना. तान्ह्या पोरांची सुती झबली शिवायची आणि जर्मनीला धाडायची, असं बरं चाललं होतं. दोन हजार तीन साली तिकडच्या व्यापाऱ्यानं अट घातली, झबल्यावर पर्यावरणाचं लेबल पाहिजे, नाहीतर माल नको. म्हणजे काय, तर पोरानं कड चोखली तरी वाईट रंग पोटात जायला नको. यात वावगं काही नाही. पोर कुठलंही असो, कड चोखणारच की.

रंगखातं दीक्षाकडं. गडमुडशिंगीची पोरगी, रंगकामाचा डिप्लोमा केलेली. तिनं जुने रंग मोडीत काढले, हौद घासून घेतले, नवे रंग आणले. नमुना मुंबईला तपासायला गेला आणि नापास होऊन आला. बंदी घातलेला रंग सापडला होता.

"हौदात जुनं कायतरी ऱ्हायलं असंल," तात्या म्हणाले. ओरडले नाहीत. पण त्या दिवसापासून रंगखात्याची किल्ली त्यांनी आपल्या खिशात ठेवली, आणि दीक्षाच्या जिवाला ते फार लागलं.

दुसरा नमुना बांधायची वेळ आली. तात्यांची रीत जुनी. लॉटातलं पहिलं झबलं देवाच्या फोटोपुढं ठेवायचं, कडेला आतून कुंकवाचं बोट लावायचं, आणि महत्त्वाच्या कामाला तेच पाठवायचं. तांबड्यावर तांबडं, दिसतंय कुणाला? दीक्षा मात्र त्या दिवशी करंड्याकडं बघतच राहिली. बाजारच्या स्वस्त कुंकवात कसला रंग घालतात, हे तिला ठाऊक होतं.

पण बोलायचं कसं? आजोबांनी बुद्धधम्म घेतला तेव्हापासून तिच्या घरात कुंकू नाही. लोक म्हणणार, हिला आमचं कुंकूच खुपतंय. गप्प बसावं, तर आपलं काम बदनाम. तात्यांचं बोट करंड्यात गेलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं.

"तात्या, लावू नका. मागच्या वेळचा रंग त्यातनंच गेलाय, मला वाटतंय."

शिवणारे हात थांबले. तात्यांच्या बायकोनं, लीलाकाकूंनी, मान वर करून तिच्याकडं बघितलं.

"दोन पाठवा," दीक्षा म्हणाली. "एक कुंकवाचं, एक बिनकुंकवाचं. बिनकुंकवाचं नापास झालं तर मी घरी बसते."

तात्यांनी भरलेलं बोट एका झबल्याच्या कडेला लावलं, दुसरं झबलं कोरंच बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "दोन बांधा."

कुंकवाचं नापास झालं, बिनकुंकवाचं पास. लेबल मिळालं. तात्यांनी किल्ली दीक्षाच्या टेबलावर ठेवली आणि काही न बोलता निघून गेले. दीक्षाला राग आला, येणारच. माणसानं एक शब्द तरी बोलायचा.

पुढचा लॉट निघाला. पहिलं झबलं फोटोपुढं आलं. सवयीनं तात्यांचा हात करंड्याकडं गेला आणि मधेच थांबला. आता तो हात कुठं न्यावा, त्यांना कळेना.

"दीक्षा," ते म्हणाले, "हिकडं ये. पयला हात तू लाव."

दीक्षाचे हात कोपरापर्यंत रंगलेले होते. ती मोरीवर गेली, साबण लावून सावकाश धुतले, कोरडे केले. तोवर तात्या झबल्यापाशी उभे होते, आणि कुणालाही त्याला हात लावू देत नव्हते.