मानीबाईच्या गायीची भूक

२००६ साली माझी पहिली नेमणूक दारव्ह्याजवळच्या एका गावी, जनावरांच्या दवाखान्यात झाली. कापूस सलग तीन-चार वर्षं फसला होता, म्हणून बरीच घरं दुधाकडे वळली होती. तांड्यावरच्या मानीबाईनंही संकरित गाय आणली होती. गाय व्याली, पंधरा दिवस बादली भरभरून दूध दिलं आणि मग तिनं सरकीच्या ढेपेपासून तोंडच फिरवलं. सुका कडबा तेवढा चघळायची.

अपचन समजून मी पाचक पूड दिली. दोन दिवसांत गायीची हाडं दिसू लागली. तिसऱ्या सकाळी गेले, तर मानीबाई गायीच्या तोंडाशी नाक नेऊन उभी.

“बाई, हिच्या तोंडाले गोडूस वास येऊन राह्यला. मले उपास घडला का माह्या तोंडाले असाच येते.”

मी वाकून हुंगलं. फार पिकलेल्या फळासारखा वास. परीक्षेसाठी हा आजार पाठ केला होता, पण हुंगला नव्हता. मला स्वतःची लाज वाटली.

“मानीबाई, पोट बिघडलेलं नाही. ही खाते त्याहून जास्त दूध देते. कमी पडतं ते अंगावरच्या चरबीतून भागवते. ती चरबी जळते, त्याचा हा वास.”

“मंग भूक जास्त लागाले पाह्यजे. मरते काहून?”

“आधी लागते. पण ते जळलेलं रक्तात फार साचलं, की भूकच मरते.”

ती गायीच्या मानेवरून हात फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, “हो. मलेही दोन दिसांनी लागत नाही.”

उपास कोणत्या वाराचा, हे मी विचारलं नाही. शिरेतून ग्लुकोज लावलं, काही दिवस धार कमी काढायला सांगितली. रोज सकाळी जात होते. डबा तिथंच उघडायचा, हे मी ठरवून टाकलं. आधी ती नको म्हणाली. मग अंबाडीची भाजी घेऊन शेजारी बसू लागली. तशी आंबट भाजी मला पुन्हा कुठं मिळाली नाही.

पाचव्या दिवशी गायीनं ढेपेची पाटी चाटूनपुसून रिकामी केली.

पुढच्या वर्षी माझी उमरखेडला बदली झाली. मानीबाई स्टँडवर आली होती. गाल भरले होते.

“गाय गाभण हाये,” ती म्हणाली, आणि एसटी सुटेपर्यंत खिडकीचा गज धरून उभी राहिली.