साडेतीनशे मीटर खालचा डोंगा

आसगावला सप्ताह सुरू होता आणि त्या दिवशी चार वाजताचं कीर्तन मला चुकवायचं नव्हतं. बुवांचा गळा असा की उत्तररंग लागला की मांडवातलं लहान मूलही रडायचं थांबतं. जेवणाची भांडी घासून मी हिरवं लुगडं नेसले, टाळ पिशवीत टाकले आणि लिलाधरला सांगायला आतल्या खोलीत गेले.

लिलाधर माझा धाकटा दीर. आम्ही ढिवर, तलावात मासे धरणारे. वर्षभरापूर्वीपर्यंत आमच्या तलावात त्याच्यासारखी बुडी मारणारा कोणी नव्हता. जाळं तळाशी खुंटाला अडकलं की सगळे त्यालाच हाक मारायचे. मागच्या वैशाखात तो तुडूमावरून, म्हणजे तलावाचं पाणी सोडायच्या दगडी बांधकामावरून घसरला आणि खालच्या धोंड्यांवर पाठीवर आपटला. तेव्हापासून कमरेखाली त्याला काही कळत नाही.

पहिले आठ महिने तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. घास तोंडाशी नेला तर कधी गिळायचा, कधी नाही. मग नणंदेचा मुलगा मनिष नागपूरहून त्याचा जुना कम्प्युटर घेऊन आला. खाटेजवळ स्टुलावर पडदा मांडला, पोटावर पाट ठेवून त्यावर बटणं दिली आणि एक खेळ लावून दिला. पाण्याखालचा खेळ.

खेळात एक माणूस परक्या समुद्रात एकटा पडलेला असतो. जवळ काहीच नाही. तळावर उतरून तांबं वेचायचं, एक खारट शेवाळ तोडायचं, दोन्ही एका पेटीत टाकायची. पेटी बॅटरी करून देते. दोन बॅटऱ्या जोडल्या की मोठा सेल होतो. सेल घातला की पाण्याखाली चालणारी एक बंद गाडी चालते. लिलाधर तिला डोंगा म्हणायचा. पाण्याखालीच त्यानं घर बांधलं होतं, छतावर सोलरची पाटी, आत सेल भरायचा चार्जर. हे सगळं मला त्यानंच शिकवलं.

आणि तो जेवायला लागला. "वहिनी, भात वाढा जी लवकर, आज तांबं आणाले जायचं हाय," असं म्हणायचा, जणू सायकल बाहेर उभी आहे.

माझे यजमान सुखराम चिडवायचे. "दिवसभर पाण्यात राह्यते, एक मासा तरी कढईत पडू दे ना लेका."

"तुयं जाळं तरी काय आणून राह्यलं, भाऊ? शेवाळच ना?" लिलाधर म्हणायचा, आणि दोघं भाऊ हसायचे. आठ महिन्यांनंतरचं ते हसू. मी देवापुढे साखर ठेवली होती.

एक गोष्ट मात्र मला खुपायची. त्यानं खेळ एकाच जिवाचा निवडला होता. मेला की सगळं पुसलं जातं. घर, डोंगा, तीन महिन्यांची मेहनत. मनिष म्हणाला होता, "मामा, सोप्पं घ्या, मेल्यावर परत उठता येते त्याच्यात." तर हा म्हणाला, "पाण्यात दुसरा जीव भेटत असते काय बे? भेटत असता तर मी असा पडून राह्यलो असतो?" मनिषनं तसंच लावून दिलं.

मला तेव्हाच कळलं होतं की हा खेळ बुडाला तर लिलाधर पुन्हा भिंतीकडे वळेल.

म्हणून मी त्याला दिव्याचं सांगितलं होतं. आमच्या घरात पुरुष पाण्यात उतरला की देवाजवळ दिवा लावतात आणि तो परत येईपर्यंत विझू देत नाहीत. दिवसा असो, रात्री असो. सासूबाईंनी पाळलं, मग मी पाळलं. लिलाधर घसरला त्या दिवशी मी कीर्तनाला गेले होते आणि मागे दिव्यातलं तेल संपलं होतं. हे मी कोणाला बोलले नाही. पण खेळात तो घर सोडून निघाला आणि मागे खिडक्या काळ्या दिसल्या, तेव्हा मी म्हणाले, "भाऊजी, घरात दिवा ठेवून निघा."

"वहिनी, खेळ हाय ना जी हा."

"असू द्या. माझ्यासाठी ठेवा."

त्यानं ठेवला. काच आणि तांबं खर्चून मोठा दिवा केला आणि छतावर लावला. त्याच्यानंतर तो कधी विझवला नाही.

तर त्या दुपारी मी पिशवी घेऊन दारात उभी राहिले. लिलाधर म्हणाला, "जाऊ नका ना वहिनी आत्ता. आज खालपर्यंत जातो. तिथं एक निळा गोटा भेटते. थो भेटला का मोठा डोंगा होते. त्याच्यात झोपाची जागा, रांधाची जागा, सगळं. मंग वर यायची गरजच नाई."

ते शेवटचं वाक्य मला आवडलं नाही. पण त्याचे डोळे असे चमकत होते की मी पिशवी खुंटीला अडकवली. "चला. उतरा."

त्यानं चार्जरमधून दोन सेल काढले, एक डोंग्यात घातला, एक जवळ ठेवला. डोंगा निघाला. निळं पाणी हिरवं झालं, हिरव्याचं काळं झालं. कोपऱ्यात आकडे होते, शंभर, दोनशे. लांबून काहीतरी ओरडलं, मासा होता की आणखी काय. मी पदर तोंडात धरला. तीनशे. साडेतीनशेवर डोंग्याच्या उजेडात तळ दिसला, आणि गोटाही. तो डोंग्यातून बाहेर पडला, गोटा उचलला, आत आला.

"झालं, वहिनी!"

"आता वर या बाप्पा."

डोंगा थोडा वर उचलला आणि त्याचा दिवा मंद झाला. "सेल संपला," लिलाधर म्हणाला. आवाजात काळजी नव्हती. त्यानं दुसरा सेल काढून घातला. दिवा लागला आणि लगेच लाल झाला.

लिलाधर पडद्याकडे पाहतच राहिला. "हा भरला नाई."

"म्हणजे?"

"चार टक्के हाय. चार्जरात तर रातभर होता जी... दोन्ही होते. पहिला पण अर्धाच असन. मी पाह्यलंच नाई. भरला असन म्हणून उचलला." मग त्याची बोटं थांबली. हळूच म्हणाला, "सोलरची वीज तेवढीच येते. थो मोठा दिवा खाऊन राह्यला सगळी."

तो दिवा त्यानं कोणासाठी लावला होता ते त्या खोलीत दोघांनाही माहीत होतं.

"तिथंच नवीन बॅटरी करा ना. शेवाळ नाही का?"

"थे वरच्या पाण्यात येते, वहिनी. खाली नाई."

"मग थांबा, मी मनिषला फोन लावते."

"थो काय करन नागपूरहून?"

तरी मी लावला. घंटी वाजत राहिली. डोंगा दोनशे सत्तरला बंद पडला आणि पुन्हा हळूहळू खाली बसायला लागला. आतली हवाही सेलवरच चालायची. लिलाधरनं एकदा डोळे मिटले, उघडले आणि डोंग्याचं दार उघडून त्या माणसाला बाहेर काढलं. कोपऱ्यात श्वासाचा आकडा आला. नव्वद सेकंद. वर दोनशे ऐंशी मीटर पाणी.

तो पोहायला लागला.

बुवा सांगतात, पाण्यात मगरीनं धरलेल्या हत्तीचीही हाक देव ऐकतो. मी हात जोडले खरे, पण हाक कोणाच्या नावानं मारू? त्या माणसाला नाव नव्हतं, आई नव्हती, तोंडसुद्धा कधी दिसलं नव्हतं. मग मी लिलाधरच्याच नावानं मारली. विठ्ठल विठ्ठल म्हणत खाटेचा गात, कडेचं लाकूड, धरून उभी राहिले. मला एक बटणही दाबता येत नव्हतं.

सत्तर सेकंद. पन्नास. काळ्याचं हिरवं झालं. तेव्हा माझं लक्ष लिलाधरच्या छातीकडे गेलं. ती हलत नव्हती. गाल आत ओढलेले, ओठ बंद. त्यानं स्वतःचाही श्वास धरला होता.

"भाऊजी, तुम्ही कायले? तुम्ही घ्या ना श्वास!"

मान हलवली फक्त. वीस. पाणी निळं झालं. वर उन्हाची चकाकी दिसायला लागली, तलावात पाठीवर पडून वर पाहिलं की दिसते तशी. दहा. पडद्याच्या कडा काळ्या व्हायला लागल्या. वर चाळीस मीटर राहिले होते. तीस.

पडदा काळा झाला. पांढऱ्या अक्षरांत काहीतरी इंग्रजी आलं आणि गेलं. मग खेळाची पहिली पाटी आली, जिच्यावर लिलाधरच्या नावाची ओळ असायची. तिथं ओळ नव्हती.

लिलाधरचे ओठ अजून बंद होते. मी घाबरून त्याचे खांदे हलवले. "लिलाधर! ए लिलाधर!" दिराला मी कधी नावानं हाक मारली नव्हती. बऱ्याच वेळानं त्यानं श्वास सोडला. दम लागला नव्हता.

"माया श्वास बाकी होता अजून," तो म्हणाला. "मी असतो तं निंगलो असतो वर."

सुखराम अंगणात जाळं सांधत होते. माझी हाक ऐकून सुई हातात घेऊनच धावत आले. "काय झालं? काय झालं वो?"

"बुडाला," मी म्हणाले.

"कोण? कोण बुडाला?" ते उलटे तलावाकडे पळायला निघाले. मी पडद्याकडे बोट दाखवलं. एरवी त्यांनी मला चार शब्द सुनावले असते. पण त्यांनी भावाचं तोंड पाहिलं आणि सुई खिशात घातली.

"दुसरा लाव ना मंग," ते म्हणाले. "मी बसतो जवळ. तांबं कुठं भेटते थे तं तुले आता पाठ हाय."

"लागते दुसरा."

"मंग?"

लिलाधरनं पोटावरचा पाट दोन बोटांनी बाजूला सारला.

मी म्हणाले, "भाऊजी, तो दिवा माझ्यामुळे... मीच म्हटलं होतं." तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "तुमी जा कीर्तनाले, वहिनी. चार वाजाले आले."

मी गेले नाही. भात गरम केला, वर तळलेले झिंगे ठेवले, ते त्याला फार आवडतात. ताट स्टुलावर तसंच राहिलं. सुखरामांनी एक घास करून त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं मान फिरवली. त्यांनी तो घास परत ताटात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं, जणू मला काही ठाऊक असावं.

दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. या तीन महिन्यांत आम्ही नुसता कमरेला आधार द्यायचो. तो खाटेवर टांगलेल्या दोराला धरून स्वतःच वळायचा, बुडी मारणाऱ्याचे हात ते. पाचच्या सुमारास मी आणि सुखराम दोन्ही बाजूंना उभे राहिलो. "धर दोर," सुखराम म्हणाले. त्यानं धरला नाही. "धर ना रे भाऊ."

हात अंथरुणावर तसेच पडून होते. आम्ही दोघांनी त्याला उचललं, आणि तो भिंतीकडे वळला.